भोंगा रडेनाशी झाली

१

दुपारी साडेबाराला जेवणं उरकली की आमच्या पाळणाघरात खरी लढाई सुरू व्हायची. चौदा मुलांची हात-तोंडं धुवायची, चौदा जणांना शू करवून आणायचं, गाद्या घालायच्या, पडदे ओढायचे आणि मग त्यांना झोपवायचं. सत्तावीस वर्षं मी हेच केलं. कुणाच्या पाठीवर थोपटायचं, कुणाच्या कपाळावरून बोट फिरवायचं, कुणाला माझ्या बाहीचं टोक मुठीत धरू द्यायचं. एकाला तर मी डोळे मिटून घोरल्याचं नाटक केल्याशिवाय झोप यायची नाही. त्याला आम्ही वकील म्हणायचो. चार वर्षांचा होता आणि कुठल्याही उत्तरातून नवा प्रश्न काढायचा. मावशी, तू झोपलीस तर आमच्याकडे कोण बघणार? मी जागी आहे म्हटलं की, मग घोरतेस का?

पण या सगळ्यांपेक्षा अवघड होती भोंगा. माझीच नात, अडीच वर्षांची. ती रडायला लागली की रस्त्यापलीकडचा चष्मेवाला दुकानातून बाहेर येऊन बघायचा. हे नाव त्यानेच ठेवलेलं. घर डोक्यावर घ्यायची, लाल व्हायची, श्वास अडकेपर्यंत रडायची आणि मग माझ्या मांडीवर डोकं घासत घासत झोपायची. तिच्या रडण्याला मी कंटाळायचे, पण ते मला कुठेतरी बरंही वाटायचं. मागायचं ते छातीठोकपणे मागणारी मुलगी होती ती.

तिच्या आईला, म्हणजे माझ्या लेकीला, हे नाव आवडत नसे. तिला माझं फारसं काहीच आवडत नसे. सकाळी पिशवी माझ्या हातात देताना आत सूचनांचा कागद असायचा, एखाद्या नव्या बाईला द्यावा तसा. मी लोकांची मुलं थोपटून झोपवत होते तेव्हा माझी लेक घरात बंद दाराआड रडून रडून झोपत होती. हे खरं आहे. चौदा मुलं सांभाळून घरी आल्यावर पंधराव्यासाठी माझ्यात काही उरत नसे. मी तिला खोलीत ठेवायचे आणि दार ओढून घ्यायचे. तेव्हा ती तीन वर्षांची होती. मोठी झाल्यावर विसरेल असं मला वाटलं होतं, पण ती काहीच विसरली नाही. भांडण कशावरूनही सुरू होवो, शेवटी ती त्या दारापाशी यायची. "मला तू दार दिलंस," असं म्हणायची आणि निघून जायची.

२

पाळणाघर ज्यांचं होतं त्या मॅडम चांगल्या बाई होत्या. माझे गुडघे दुखतात, खाली बसून थोपटणं होत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि एक दिवस वाटीएवढा पांढरा स्पीकर घेऊन आल्या. मुलांना शांत करणारं संगीत. सगळीकडे हेच लावतात म्हणे. झोपायच्या खोलीतल्या फळीवर त्यांनी तो ठेवला आणि मला म्हणाल्या, आता तुम्ही फक्त खुर्चीत बसा.

सुरावट साधीच होती. शब्द नाहीत, ताल नाही. चार-पाच स्वर सावकाश खाली उतरायचे आणि थांबायचे. तेवढ्यात एक श्वास घेऊन होईल एवढी जागा रिकामी राहायची. मग पुन्हा तेच स्वर. चाळीस मिनिटं असंच.

पहिल्या दिवशी मुलं वीस मिनिटांत झोपली. चौथ्या दिवशी सात मिनिटांत. भोंगासुद्धा. तिने एकदा तोंड वेडंवाकडं केलं, सुरुवात करणार असं वाटलं, आणि मग चेहरा सरळ करून ती आपणहून आडवी झाली. मला आनंद झाला, हे लपवत नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी दुपारचा चहा गरम प्यायले.

सहाव्या दिवशी मी अशीच कप घेऊन बसले होते. पडद्यांमधून पिवळट उजेड येत होता, पंखा फिरत होता, मुलं गाढ झोपलेली. स्वर खाली उतरले आणि थांबले. त्या रिकाम्या जागेत माझ्या डावीकडचं एक मूल झोपेत म्हणालं, "हूं."

मुलं झोपेत काहीबाही बोलतात. मी लक्ष दिलं नाही. पुन्हा स्वर उतरले, पुन्हा थांबले, आणि या वेळी तीन-चार जण म्हणाले, "हूं." तिसऱ्या वेळी सगळी.

गोष्ट सांगताना मूल देतं ना, तसा हुंकार होता तो. ऐकतोय, पुढे सांग, असं सांगणारा. चौदा मुलं, डोळे मिटलेले, एकाच वेळी, एकाच आवाजात. मोठ्याने नाही. मी कप खाली ठेवला तेव्हा बशीचा आवाज त्याहून मोठा झाला.

३

मी भित्री बाई नाही. दुसऱ्या दिवशी मी नीट विचार करून बसले. एक मूल करतं ते बाकीची करतात, हे मी आयुष्यभर बघितलंय. एकाला जांभई आली की सगळ्यांना येते. सूर थांबला की मुलांनी आवाज काढायचा, यात एवढं काय? त्या दुपारी मी मोबाईलवर ते सगळं टिपून घेतलं आणि घरी जाऊन ऐकलं. सूर, पंखा, हुंकार. आणखी काही नाही. मग मला खटकलं ते हे, की हुंकार प्रत्येक वेळी सारखा नव्हता. कधी नुसता होकार होता. कधी जरा लांबवलेला, अजून पटलं नाही असा. एकदा सगळ्यांनी मिळून आश्चर्य वाटल्यासारखा दिला होता. त्याच त्या चार-पाच स्वरांत आश्चर्य वाटण्यासारखं काय होतं?

मॅडमना ऐकवलं. त्या हसल्या, म्हणाल्या, मुलं किती रमतात बघा. लेकीला पाठवलं. तिचं उत्तर पाच मिनिटांत आलं: किती गोड, ते संगीत मलाही दे. मी दिलं नाही, तर तिने मॅडमकडून घेतलं आणि घरीही लावायला लागली. दिवसभर नोकरी करून आल्यावर एक तास शांत मिळतो, म्हणाली. तो एक तास मी दार ओढून मिळवला होता.

त्या आठवड्यात एकदा ऐन झोपेच्या वेळी वीज गेली. पंखा थांबला, स्पीकर बंद पडला. खोलीत एवढी शांतता झाली की बाहेर सायकलची साखळी वाजलेली ऐकू आली. मी मनात म्हटलं, आता उठतील आणि गोंधळ घालतील. कुणी उठलं नाही. काही क्षण गेले. "हूं," मुलं म्हणाली. मी मनातल्या मनात मोजायला लागले. स्वर उतरायला लागतात तेवढा वेळ गेला. "हूं."

त्या दिवशी दूध पिताना मी वकिलाला माझ्याजवळ बसवलं. झोपेत हूं कुणाला म्हणतोस, असं सहज विचारलं. त्याने थोडा विचार केला.

"गोष्टीला."

"कसली गोष्ट आहे?"

"अजून संपली नाही," तो म्हणाला आणि दूध प्यायला लागला.

त्याने मला उलट काही विचारलं नाही. हे माझ्या नंतर लक्षात आलं. सकाळपासून त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता.

४

मग एकेक गोष्ट दिसायला लागली, म्हणजे नसलेली गोष्ट दिसायला लागली. भांडणं बंद झाली. खेळणं कुणी ओढून घेतलं तर ज्याचं गेलं तो नुसता रिकाम्या हाताकडे बघायचा. सकाळी आई दारातून वळली की पायरीवर जो आकांत चालायचा, तो संपला. मुलं आत यायची, चपला जागेवर ठेवायची आणि बसायची. आया माझे हात हातात घेऊन आभार मानायच्या. एकीने तर मला शाल आणून दिली.

मंगळवारी भोंगाचं बोट न्हाणीघराच्या दारात सापडलं. मी दोन हातांच्या अंतरावर होते आणि मला कळलंच नाही, कारण आवाज झाला तो फक्त दाराचा. वळून बघितलं तर ती दारापाशी उभी, उजवा हात फटीत, आणि माझ्याकडे बघत होती. मी दार उघडलं. नख काळंनिळं झालेलं, रक्त मनगटापर्यंत आलेलं. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. तोंड उघडलं, ओठ थरथरले. मी तिला उचललं आणि म्हटलं, रड गं बाळा, रड. तिने मान जराशी वाकडी केली, कुणी कानाशी काही सांगावं तशी. मग म्हणाली, "हूं." आणि तोंड मिटलं. डोळ्यांतलं पाणीसुद्धा खाली पडलं नाही.

संध्याकाळी लेकीने बोट बघितलं आणि मला नको नको ते बोलली. बरोबरच होतं तिचं. मी तेवढ्यात सांगायचा प्रयत्न केला, की बोटाचं सोड, ही रडली नाही, अडीच वर्षांचं पोर एवढं लागून रडत नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय. तिने मला मध्येच तोडलं. "मुलं रडली की तू दार लावतेस. आता रडत नाहीत तर तेही चालत नाही तुला."

महिनाअखेरीला पालकांची बैठक होती. मी उभं राहून विषय काढला. हुंकाराचं बोलले नाही, मला वेड्यात काढलं असतं. एवढंच म्हटलं की मुलं फार गप्प झालीत, हे संगीत काही दिवस बंद ठेवून बघू. मागच्या रांगेतला एक बाप म्हणाला, रडत नाहीत, हीसुद्धा तक्रार असते का? सगळे हसले. मॅडमही हसल्या. मी बसले.

५

त्यानंतरच्या सोमवारी मुलांनी गाद्या स्वतःच घातल्या. मी नेहमी भिंतीलगत ओळीत घालते. त्यांनी गोल घातल्या, उशा आतल्या बाजूला. मध्ये सतरंजीचा तुकडा मोकळा सोडला, एक माणूस मांडी घालून बसेल एवढा. मी म्हटलं, असं नको, ओळीत घ्या. कुणी हट्ट केला नाही. पण माझी पाठ वळली की गाद्या पुन्हा गोल. दोन-तीनदा झाल्यावर मी हात टेकले.

सूर सुरू झाला. पाच मिनिटांत सगळी झोपली. सगळ्यांची तोंडं मधल्या मोकळ्या जागेकडे. मी खुर्चीतून बघत होते. उंचावरून बघितलं तर काही नव्हतं, नुसती निळी सतरंजी. मग माझ्या मनात आलं की मी हे सगळं मोठ्या माणसाच्या उंचीवरून ऐकतेय. ज्यांना ऐकवायचं आहे ते जमिनीवर आहेत.

मी गुडघे धरत खाली उतरले आणि भोंगाच्या शेजारी आडवी झाले, माझं डोकं तिच्या उशीपाशी. फरशीचा गारवा कुशीला लागला. इथून पंख्याचा आवाज लांब गेला होता. स्वर उतरले. थांबले. मुलं म्हणाली, "हूं." मी लक्ष देऊन ऐकलं. खोलीत काही नव्हतं, पण शेजारच्या घरात कुणी बोलत असावं आणि शब्द कळू नयेत, फक्त बोलण्याचा चढउतार कळावा, तसं काहीतरी होतं. समजावणीचा सूर. अतिशय मायेचा. माझ्याशी आयुष्यात कुणी तसं बोललं नव्हतं आणि मीही कुणाशी बोलले नव्हते.

पुन्हा स्वर उतरले. समोर, माझ्या डोळ्यांपासून हातभरावर, मोकळ्या सतरंजीवर एक वळी होती. ती हळूच सपाट झाली. तिच्या शेजारी कापड खाली दबलं, बसलेल्या माणसाने बोलता बोलता अंग एका बाजूला कलवावं तसं. माझ्या बाजूला कललं.

सूर थांबला. "हूं," कुणीतरी म्हणालं. तो माझा आवाज होता.

पुढे काय झालं ते मला माहीत नाही. शुद्धीवर आले तेव्हा घड्याळात तीन वाजून गेले होते. चौदा मुलं आपापल्या गाद्या गुंडाळून भिंतीशी ओळीने बसली होती आणि मी उठायची वाट बघत होती. मला फार हलकं वाटत होतं. बरं वाटत होतं. का बरं वाटतंय हे आठवायचा मी प्रयत्न केला आणि मग लक्षात आलं की माझी आई कशी गेली ते मला आठवतंय, पण त्यात दुखत नाहीये. दाताचा डॉक्टर हिरडी बधिर करतो आणि आपण जिभेने दात चाचपतो, तसं मी ते चाचपून बघत होते.

फळीवरचा स्पीकर काढून मी पाण्याच्या बादलीत बुडवला. मुलं बघत होती. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावलं आणि अत्यंत गोड शब्दांत सांगितलं की तुम्ही दमला आहात, आता घरी आराम करा.

६

शनिवारी लेकीला कामावर जावं लागलं आणि पाळणाघर बंद होतं. दुसरा इलाज नव्हता म्हणून तिने भोंगाला माझ्या घरी सोडलं. चार वाजता येते म्हणाली. सूचनांचा कागद होताच.

मी ठरवलं होतं की आज हिला रडवायचं. एकदा रडली की कोंडलेलं सगळं बाहेर पडेल, असं मला वाटत होतं. आधी मी तिची बाहुली घेतली आणि कपाटावर ठेवली. तिने कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. जेवण अर्ध्यावर काढून घेतलं. ती हात धुवायला उठली. मी रागावले, ओरडले. ती खिडकीखाली बसली होती, पाय सरळ पसरून. कुणी भेटायला येणार असेल आणि वेळ व्हायचाय, अशी.

साडेतीन झाले होते. मी तिच्यासमोर बसले, तिचा दंड धरला आणि चिमटा घेतला. नख रुतवून. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. मी आणखी जोरात पिळला आणि म्हणाले, रड. रड गं. एकदा रड माझ्यासाठी.

दारात माझी लेक उभी होती. अर्धा तास लवकर आली होती.

तिने पर्स टाकली आणि पोरीला माझ्यापासून हिसकून घेतलं. दंडावर निळा वळ उठला होता. मग ती जे बोलली ते पंचवीस वर्षांचं होतं. बाहेर माणसं थांबली असतील एवढ्या मोठ्याने बोलली. ती खोली, ते दार, दाराखालून दिसणारी माझी पावलं, सगळं. ती रडत होती, तिचं नाक वाहत होतं, आवाज फाटला होता, अगदी भोंगासारखा. मी भिंतीला टेकून ऐकत होते. मला सांगायचं होतं की बोल, बोलत राहा, आजवर याहून खरं कुणी माझ्याशी बोललं नाही.

तेव्हा भोंगाने तिच्या कडेवरून हात वर केला आणि आईच्या ओल्या गालावर ठेवला. तिचं तोंड आईच्या कानाशी गेलं. मला काही ऐकू आलं नाही. ओठ हलत होते की नुसते टेकलेले होते हेही मी सांगू शकणार नाही. माझी लेक एका शब्दाच्या मधोमध थांबली.

"हूं," ती म्हणाली.

नळ बंद करावा तसं रडणं बंद झालं. तिने मनगटाने चेहरा पुसला, पर्स उचलली, कपाटावरची बाहुली काढून घेतली. दारापाशी माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "हरकत नाही, आई. होतं असं."

७

आता ती दर रविवारी दुपारी फोन करते. पूर्वी कामाशिवाय कधी करत नसे. माझे गुडघे कसे आहेत विचारते, औषधं घेतलीस का विचारते. आवाज मऊ असतो. मी तिला टोचून बघितलं. तिच्या नवऱ्याबद्दल वाकडं बोलले, तिच्या नोकरीला नावं ठेवली. ती ऐकून घेते.

परवाच्या रविवारी मी तिला ते सांगितलं जे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. दाराखालून तुला पावलं दिसायची म्हणतेस ना, मी म्हटलं, ती माझी नव्हती. माझ्या फक्त चपला तिथे ठेवलेल्या असायच्या. तुला वाटावं की मी आहे, म्हणून. मी दुसऱ्या चपला घालून घराला कुलूप लावायचे आणि बागेतल्या बाकावर जाऊन बसायचे. तासभर. कधी दोन तास. तू आत रडत असायचीस आणि घरात कुणीच नसायचं.

सांगून झाल्यावर मी डोळे घट्ट मिटले. ती किंचाळेल, फोन आपटेल, पुन्हा कधी बोलणार नाही, असं मला वाटलं. असं व्हावं म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते.

"तू दमली असशील," ती म्हणाली. "मला राग नाही."

पंचवीस वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती. मी तोंडावर हात दाबला तरी हुंदका तिला ऐकू गेलाच.

"रडू नकोस आई," ती त्याच मऊ आवाजात म्हणाली. "थांब, ती इथेच आहे. तिला फोन देते, ती शांत करेल तुला."

फोन हातातून हातात जाताना खरखर झाली. मग पलीकडे कुणीतरी श्वास आत घेतला, बोलायला सुरुवात करण्याआधी घेतात तसा.

मी फोन बंद केला. तो लगेच पुन्हा वाजायला लागला.